मनगटावरील मोबाइल : योजना निवडण्यापूर्वी

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांच्या मनगटाकडे पाहिले, तर गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल सहज लक्षात येतो. वेळ दाखविणाऱ्या घड्याळाची जागा पावले मोजणाऱ्या, नाडीचे ठोके टिपणाऱ्या आणि आलेल्या दूरध्वनीची वर्दी देणाऱ्या लहानशा पडद्याने घेतली आहे. यांतील बहुतेक घड्याळे मोबाइलच्या आधाराने चालतात. मोबाइल घरी राहिला की त्यांवर ना कोणाचा फोन येतो ना संदेश. मात्र याच घड्याळांचा एक प्रकार असा आहे की, त्याला मोबाइलप्रमाणे स्वतःची जोडणी घेता येते. मोबाइल जवळ नसतानाही त्यावरून बोलता येते, निरोप पाठविता येतो, आणि धारण करणारी व्यक्ती कोठे आहे हे दुसऱ्यास कळू शकते.

या जोडणीसाठी कोणती योजना घ्यावी, असा प्रश्न आता शहरापुरता उरलेला नाही. मुलगा पुण्यास नोकरीला, वडील राधानगरी किंवा भुदरगड तालुक्यातील वाडीवर एकटे, ही परिस्थिती जिल्ह्यात घरोघरी आढळते. वडील शेतावर जाताना मोबाइल खुंटीला टांगून जातात. बांधावर पाय घसरला तर हाक ऐकावयास कोणी नसते. अशा वेळी मुलगा घड्याळाचा विचार करतो आणि गावातील शिक्षकास, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास किंवा एखाद्या जाणत्या सदस्यास विचारतो, "कोणती योजना स्वस्त पडेल?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो पहिला प्रश्न नव्हे. घड्याळ कोणाच्या मनगटावर राहणार आणि ती व्यक्ती दिवसभर कोठे वावरणार, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय दराची चर्चा करणे म्हणजे विहिरीला पाणी किती आहे हे न पाहता पंपाची किंमत विचारण्यासारखे आहे.

जोडघड्याळ आणि स्वतंत्र घड्याळ

जोडणी घेणाऱ्या घड्याळांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील घड्याळ हे एखाद्या विशिष्ट मोबाइलचे जोडीदार असते. मोबाइलचा क्रमांक तोच घड्याळाचा क्रमांक; घरी मोबाइल वाजतो तेव्हा तलावाकाठी घड्याळही वाजते. भारतात ही सोय मे २०१८ मध्ये ॲपल कंपनीच्या घड्याळाबरोबर आली आणि त्या वेळी ती एअरटेल व जिओ या दोन कंपन्यांनी दिली. पुढे सॅमसंगसारख्या अन्य उत्पादकांची घड्याळेही याच पद्धतीने जोडता येऊ लागली. या घड्याळात सिमकार्ड घालण्याची खाच नसते. आत कायम बसविलेली एक चकती असते, तिला ई-सिम म्हणतात. कंपनी तिच्यात ग्राहकाची ओळख दूरवरून उतरविते. अशा प्रत्येक चकतीस ३२ अंकी क्रमांक असतो. घड्याळाचा स्वतःचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक वेगळा. दोन्ही क्रमांक खरेदीच्या पावतीवर लिहून ठेवणे हिताचे असते.

या वर्गात कंपनीची निवड करावयास वस्तुतः वाव नाही. ज्या कंपनीचा मोबाइल, त्याच कंपनीची घड्याळाची जोडणी घ्यावी लागते. ती कंपनी त्या बनावटीच्या घड्याळास सेवा देते काय, आणि देत असल्यास प्रीपेड ग्राहकास देते की केवळ पोस्टपेड ग्राहकास, हे दोन मुद्दे दुकानात पैसे मोजण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत केंद्रातून विचारून घेतले पाहिजेत. दुकानदाराने "सगळीकडे चालते" असे सांगितले तरी त्यावर विसंबू नये. भारत संचार निगमचा क्रमांक वर्षानुवर्षे वापरणाऱ्या ग्रामीण ग्राहकाने तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

दुसऱ्या वर्गातील घड्याळ स्वतंत्र असते. त्याला स्वतःचा क्रमांक, स्वतःची योजना आणि स्वतःचे रिचार्ज लागते. मुलांसाठी व वृद्धांसाठी म्हणून विकली जाणारी अनेक घड्याळे या वर्गात मोडतात; त्यांत नेहमीचे लहान सिमकार्ड बसते. येथे कंपनी निवडण्याची मोकळीक आहे, परंतु एक खोच आहे. स्वस्त घड्याळांपैकी काही केवळ २जी तंत्रावर चालतात. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यात २जी नाहीच. त्यामुळे असे घड्याळ जिओच्या सिमकार्डावर चालणार नाही. ४जी घड्याळ घेताना त्यात व्होल्टी, म्हणजे ४जी जाळ्यावरूनच संभाषण करण्याची सोय आहे किंवा कसे, हे वेष्टनावर पाहावे. ती नसल्यास घड्याळावर संदेश येतील, पण त्या जाळ्यावरून सरळ बोलणे होणार नाही.

पुण्यातील मुलाची चूक बहुधा येथेच होते. तो स्वतःसारखेच भारी जोडघड्याळ वडिलांसाठी घेतो. वडिलांजवळ मात्र कळा दाबून वापरण्याचा साधा मोबाइल असतो. जोडीदार मोबाइलच नसल्याने घड्याळ सुरू होत नाही. काही उत्पादकांच्या घड्याळांत कुटुंबातील एका सदस्याच्या मोबाइलवरून दुसऱ्याचे घड्याळ चालविण्याची सोय असते. परंतु तेथे घड्याळास वेगळा क्रमांक लागतो, आणि आपली कंपनी तशी जोडणी देते काय हे विचारावे लागते. सेवानिवृत्तीच्या समारंभात घड्याळ भेट देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पूर्वी त्यास चावी दिली की काम भागे. आता भेट देणाऱ्यांनी सत्कारमूर्तींचा मोबाइल कोणता, हे गुपचूप पाहून ठेवणे बरे.

डोंगराची छाया

कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके दूरसंचाराच्या दृष्टीने एकसारखे नाहीत. शिरोळ, हातकणंगले आणि करवीरचा पूर्वभाग सपाट. तेथे मनोऱ्यापासून निघालेल्या लहरीस फारसा अडथळा नाही. पश्चिमेकडे पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीच्या रांगा आणि त्यांमधील खोरी आहेत. खोऱ्यातील वाडीस समोरच्या टेकडीवरचा मनोरा दिसतो, पण टेकडीमागच्या वाडीस तो दिसत नाही. उन्हात डोंगराची सावली पडावी तशी लहरींचीही छाया पडते, आणि त्या छायेत एका कंपनीचा मोबाइल चालतो, दुसरीचा चालत नाही, असा अनुभव दाजीपूरच्या वाटेवर किंवा करूळ घाटात अनेकांना येतो.

विज्ञान शिक्षकांना यातील कारण वर्गात सांगता येईल. आपल्याकडील ४जी सेवा निरनिराळ्या वारंवारतांवर चालते. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे १३ सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्याला वळसा घालून व भिंतीतून पार होऊन दूर पोचते. आखूड लहर अधिक माहिती वाहून नेण्यासाठी वापरली जाते, पण तिचा पल्ला कमी पडतो. म्हणजे डोंगराळ भागात खरी मदार लांब लहरीवर. आता ती लहर पकडण्यासाठी ॲन्टेना तिच्या सुमारे एक चतुर्थांश लांबीची असल्यास काम चांगले होते; ३५ सेंटिमीटरचा चौथा हिस्सा जवळजवळ ९ सेंटिमीटर. मोबाइलच्या अंगात ती लांबी मावते. घड्याळाची पेटी मात्र चार-साडेचार सेंटिमीटरची. शिवाय तिला खेटून मनगट असते, आणि शरीर लहरींचा काही अंश शोषून घेते. म्हणून ज्या ठिकाणी मोबाइलवर एखादी काडी दिसते तेथे घड्याळावर काहीच न दिसणे शक्य आहे. घड्याळाच्या जाहिरातीत हे कोठे लिहिलेले नसते.

याचा परिणाम बॅटरीवरही होतो. मनोरा दूर असला की उपकरण अधिक जोराने लहरी सोडते. ४जी मोबाइलसाठी ही मर्यादा साधारण ०.२ वॉट आहे. मोबाइलच्या ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस तो भार सोसतो. घड्याळाची बॅटरी सहसा ३०० ते ६०० च्या दरम्यान असते. सलग संभाषण केल्यास अनेक घड्याळे दीड-दोन तासांत थकतात, आणि लहरी क्षीण असलेल्या वाडीत नुसते मनोरा शोधण्यातही त्यांची शक्ती खर्च होते. सकाळी सहाला शेतावर गेलेल्या माणसाचे घड्याळ दुपारी तीनला बंद पडले, तर उत्तम योजना असूनही तिचा उपयोग नाही.

म्हणून योजना निवडण्याआधी एक साधी पाहणी करावी. ज्या कंपनीची जोडणी घ्यावयाची तिचे सिमकार्ड असलेला मोबाइल एक दिवस उसना घ्यावा. तो केवळ ४जी वर ठेवून, ती व्यक्ती जेथे जेथे जाते तेथे तेथे जाऊन प्रत्यक्ष फोन लावून पाहावा: गोठा, विहीर, उसाचा फड, न्हाणीघर, देवळामागची वाट. फडात ऊस डोक्याच्या वर वाढलेला असताना केलेली पाहणी उन्हाळ्यातील पाहणीपेक्षा अधिक खरी. वीज गेली असताना मनोरा किती वेळ चालू राहतो, हेही एकदा पाहून ठेवावे. फोन जेथे अडखळत लागतो तेथे घड्याळ चालणार नाही, असेच धरून चालावे. कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, असे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत घातले आहे. ते नकाशे पाहण्यासारखे आहेत. परंतु नकाशावर रंगविलेला भाग मोबाइलचा हिशेब धरून रंगविलेला असतो, मनगटाचा नव्हे.

सीमेलगतच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा मिळून दूरसंचाराचे एक परिमंडळ होते, आणि निपाणी, बेळगाव हा भाग कर्नाटक परिमंडळात येतो. कागल किंवा चंदगडच्या काही गावांत मोबाइल पलीकडच्या मनोऱ्याला धरतो. मोबाइलचे त्यामुळे काही बिघडत नाही. घड्याळाच्या जोडणीस परिमंडळाबाहेर सेवा मिळते किंवा कसे, हे मात्र कंपनीकडून लेखी विचारावे. बेळगावच्या बाजारास दर आठवड्यास जाणाऱ्या माणसास हा प्रश्न क्षुल्लक नाही.

जीबीचा हिशेब

योजनांच्या पत्रकात ठळक अक्षरांत असतो तो डेटाचा आकडा. घड्याळापुरता तो जवळजवळ निरर्थक आहे. समजा, घड्याळाने दर पाच मिनिटांनी आपले ठिकाण कळविले आणि प्रत्येक वेळी एक किलोबाइट खर्च झाला. दिवसाचे २८८ संदेश, महिन्याचे ८,६४० किलोबाइट. म्हणजे नऊ एमबीसुद्धा नाहीत. अधिक खर्च होतो तो गाणी ऐकण्यात. सेकंदाला १२८ किलोबिट या गतीने तासभर भजन ऐकले तर सुमारे ५८ एमबी लागतात. रोज एक तास धरल्यास महिन्याला पावणेदोन जीबी. जोडघड्याळ बहुधा मोबाइलच्याच वाट्यातून डेटा घेते, त्यामुळे तेथे वेगळ्या साठ्याची गरज क्वचितच पडते. रोज दीड-दोन जीबी देणारी योजना स्वतंत्र घड्याळासाठी घेणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर मागविणे होय.

मग उलट टोकाला जाऊन केवळ संभाषणाची योजना घ्यावी काय? नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून संभाषण व लघुसंदेश यांपुरती वेगळी योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि विशेष योजनेची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मुभा दिली. साधा मोबाइल वापरणाऱ्या वृद्धांस हे सोयीचे आहे. घड्याळासाठी मात्र ते अपुरे पडते. ठिकाण कळविणे, तसेच पडल्याची जाणीव झाल्यास मुलाच्या मोबाइलवर सूचना पाठविणे, ही कामे बहुतेक घड्याळे डेटाच्या आधारे करतात. ज्या कारणासाठी घड्याळ घेतले तेच काम या योजनेत बंद राहील. स्वतंत्र घड्याळास थोडा डेटा आणि लांब मुदत, हे प्रमाण योग्य.

मुदतीचे महत्त्व दरापेक्षा अधिक आहे, असे आमचे मत आहे. २८ दिवसांच्या योजनेत वर्षाला तेरा वेळा रिचार्ज करावे लागते. मोबाइलचे रिचार्ज संपले की आपल्याला लगेच कळते, कारण आपण तो सतत वापरतो. घड्याळावरून फोन महिन्यातून एखादेच वेळी होतो. मुदत केव्हा उलटली हे वाडीवरील वडिलांना कळत नाही, आणि पुण्यातील मुलाच्या ध्यानात राहत नाही. शक्य असल्यास वर्षभराची योजना घ्यावी. नाहीतर मुदतीची तारीख मुलाने स्वतःच्या मोबाइलवर आठवणीत नोंदवावी.

पोस्टपेड योजनेत जोडघड्याळाचे शुल्क काही वेळा मूळ भाड्यात धरलेले असते, काही वेळा दरमहा वेगळे लागते. जाहिरातीतील पोस्टपेडचा आकडा सहसा कर वगळून दिलेला असतो. उदाहरणार्थ, दरमहा १०० रुपये जादा सांगितले तर १८ टक्के वस्तू व सेवा करासह ते ११८ होतात, वर्षाला १,४१६. पहिले काही महिने सेवा विनामूल्य असल्यास ती मुदत संपल्यावर काय आकारणी होईल, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना असल्याने ते बदलत राहतात. गेल्या वर्षी शेजाऱ्याने दिलेली रक्कम हा आधार होऊ शकत नाही.

कंपनी बदलण्याचा विचार असेल तर तो घड्याळ घेण्यापूर्वी अमलात आणावा. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. त्यासाठी त्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात आणि १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून संकेतांक मिळवावा लागतो. जोडघड्याळ असलेल्या ग्राहकाने कंपनी बदलली, की घड्याळाची जुनी जोडणी तुटते आणि नव्या कंपनीकडे ती पुन्हा घ्यावी लागते. नव्या कंपनीने त्या घड्याळास सेवा देण्याचे नाकारले, तर वीस-पंचवीस हजारांची वस्तू पुन्हा मोबाइलच्या आधाराने चालणारे साधे स्मार्ट घड्याळ होऊन बसते.

मुलांच्या मनगटावर

शाळेत जाणाऱ्या मुलास घड्याळ द्यावे काय, हा प्रश्न पालक शिक्षकांना विचारू लागले आहेत. दूरच्या वस्तीवरून पायी किंवा एसटीने येणाऱ्या मुलीच्या आईस ती शाळेत पोचल्याचे कळावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु काही घड्याळांत मुलाच्या नकळत आसपासचे बोलणे दूरवरून ऐकण्याची सोय असते. जर्मनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली. पालक वर्गातील शिकवणे चोरून ऐकत असल्याचे तेथे आढळले होते. आपल्याकडील डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. ज्या घड्याळाची माहिती कोठे साठविली जाते हे वेष्टनावर वा पुस्तिकेत लिहिलेले नाही, ते मुलास न देणे बरे. शाळेने वर्गाच्या वेळेत घड्याळ मौन ठेवण्याचा व परीक्षेच्या दिवशी ते घरी ठेवण्याचा नियम पालकसभेत आधीच सांगितला, तर पुढील वाद टळतात.

घड्याळातील सिमकार्ड पालकाच्या नावावर घेतले जाते. एका व्यक्तीच्या नावावर महाराष्ट्रात नऊपेक्षा अधिक मोबाइल जोडण्या ठेवता येत नाहीत, आणि आपल्या नावावर किती आहेत हे संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. एकत्र कुटुंबात सर्वांची सिमकार्डे एकाच्याच नावावर घेण्याची पद्धत आहे. तेथे ही तपासणी अवश्य करावी. ई-सिम सुरू करून देतो असे सांगून फोनवरून संकेतांक मागणाऱ्यास तो देऊ नये. तो दिला की क्रमांकच दुसऱ्याच्या हाती जातो, आणि त्यामागोमाग बँकेचे खातेही.

पुराच्या दिवसांत

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेकाठच्या गावांनी वीज जाणे म्हणजे काय हे अनुभवले आहे. वीज गेली की मनोरा त्याच्या बॅटरीवर व जनित्रावर चालतो. डिझेल पोचण्याचा रस्ताच पाण्याखाली गेला की तो बंद पडतो. घड्याळही रोज चार्ज करावे लागत असल्याने दुसऱ्या दिवशी निकामी होते. त्यामुळे शिरोळ, करवीर या तालुक्यांतील आपत्ती आराखड्यात अशा घड्याळांवर भिस्त ठेवता येणार नाही. सेवा जिल्ह्यात २४ तासांहून अधिक खंडित झाल्यास ग्राहकास भाड्यात सवलत किंवा वाढीव मुदत देण्याची तरतूद २०२४ च्या विनियमांत आहे, परंतु नैसर्गिक आपत्तीमुळे पडलेला खंड तीतून वगळला आहे.

एरवी घड्याळ घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, घरातील मोबाइल बंद करून, घड्याळावरून फोन लावून पाहावा. काही घड्याळांत मोबाइल बंद असताना बोलणे होते, पण लघुसंदेश येत नाहीत, हे तेव्हाच कळते. वडिलांना ११२ हा आपत्कालीन क्रमांक घड्याळावरून कसा लावावा, हे प्रत्यक्ष बटण दाखवून शिकवावे. मात्र सरावासाठी तो क्रमांक लावू नये, मुलाचा लावावा. सांगितलेली सेवा मिळत नसेल तर कंपनीच्या ग्राहक केंद्राकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. उत्तराने समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, व त्यास शुल्क पडत नाही. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नसल्याने तिकडे अर्ज पाठवून वेळ दवडू नये. तक्रारीत ठिकाण, दिनांक व वेळ लिहावी. "आमच्याकडे रेंज नाही" एवढ्यावर कोणी मनोऱ्याची तपासणी करावयास येत नाही. गावातील पाच-सहा जणांनी एकाच ठिकाणच्या अशा नोंदी दिल्या, तर ग्रामसभेच्या ठरावासोबत त्या जोडता येतात.